खोली किती?

मराठीत ‘खोली’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याने कुणी ही काटकसर केली, त्याला इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट आणि राजमती चौगुले या दोन्ही गोष्टींचा अंदाज नसणार.

फोन आला तेव्हा राजमतीकाकू घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. सुकुमारअण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, बाजारात गेले होते.

“काकू, मी तहसीन मुजावर. डेटा सेंटरमधनं बोलतेय. अण्णांच्या पेटीसाठी जागा राखून ठेवायचीय. उंची चार यू आहे ती कळली, रुंदी नेहमीचीच. आणि खोली किती?”

काकूंना वाटलं, घराची चौकशी चाललीय. सरकारी असो की खाजगी, हल्ली कुणीही काहीही विचारतं.

“दोन,” त्या म्हणाल्या. पुढची एक आणि मागची एक. स्वयंपाकघर त्यांनी धरलं नाही, कारण ते त्यांच्या मते घरातच होतं.

“दोन? दोन फूट ना?”

नेमकी तेव्हाच समोरच्या हणमंत म्हेत्रेच्या शेडमधली पाळी बदलली आणि सगळे माग एकदम सुरू झाले. काकूंना शेवटचा ‘ना’ तेवढा ऐकू आला.

“होय होय,” त्या म्हणाल्या.

मागांच्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसांना ही खोड असतेच. तीनदा ‘काय?’ म्हणण्यापेक्षा एकदा ‘होय’ म्हटलेलं परवडतं. शेजारीण ‘तुमचं मांजर आमचं दूध प्यालं’ म्हणून सांगत असते आणि आपण हसून ‘होय’ म्हणतो. तेवढ्यावर भागतं. या खेपेला भागणार नव्हतं, आणि ते का, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

अण्णा आयुष्यभर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. काकू त्याच शेडमध्ये कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. त्या आवाजात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. अण्णांनी लग्नाचं विचारलं ते शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, नुसते ओठ हलवून. काकूंनीही तिथूनच होकार दिला, आणि मधल्या सगळ्या विणकरांनी तो वाचला. पुढं संसारात भांडणंही बरीचशी तशीच झाली, शेजाऱ्यांना पत्ता लागू न देता.

त्यामुळं अण्णांच्या गळ्यात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हा गल्ली हळहळली, पण काकू फारशा खचल्या नाहीत. आवाज गेला, ओठ तर होते. त्यांचं काही अडलं नाही.

अडलं ते काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला तेव्हा. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकट होत गेलं. एके दिवशी जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की समोर अण्णा काहीतरी सांगताहेत आणि ते काय, हे आपल्याला दिसत नाही. नवरा समोर बसलेला आणि घरात चिडीचूप. त्या दिवशी काकू पहिल्यांदा रडल्या.

तेव्हा गळपट्टी आली. माणूस बोलतो तेव्हा आवाज स्वरयंत्रातून निघतो, पण शब्द घडतात ते जीभ, जबडा आणि गळ्याच्या स्नायूंत. स्वरयंत्र काढलं तरी मेंदू त्या स्नायूंना हुकूम देत राहतो. पट्टी गळ्याभोवती बांधली की ती त्या हुकमांचे विजेचे बारीक ठोके टिपते आणि दूर ठेवलेल्या एका पेटीकडे पाठवते. पेटी त्यातून शब्द ओळखते, आणि पट्टीतला बारका स्पीकर ते बोलून दाखवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत.

मेख होती ती पेटीत. साधा संगणक जे शिकतो ते आकड्यांत साठवतो, त्याची हवी तेवढी नक्कल काढता येते. या पेटीतली चिप मात्र शिकलेलं सगळं आपल्या पदार्थातच मुरवायची. तिच्यातल्या अतिसूक्ष्म थरांमधून वीज जाऊन जाऊन जिथं वाट रुळायची, तिथं अण्णांचा एखादा ‘ळ’ नाहीतर ‘च’ घर करून बसायचा. पायाला बसलेल्या चपलेसारखंच ते. त्याच मापाची दुसरी आणता येते, पण ती बसलेली नसते. शिवाय त्या थरांना जागं ठेवण्यापुरती वीज सतत लागायची. ती तुटली तर वाटा बुजणार आणि चार वर्षांचं शिकणं पुसलं जाणार.

आणि चार वर्षांनी पेट्या बनवणारी कंपनीच बंद पडली. जाताना तिनं एवढा भलेपणा केला की ज्याची पेटी त्याच्या हवाली करायचं ठरवलं. पेटी घरी ठेवायची सोय नव्हती. घराच्या प्लगची वीज तिला चालत नसे, आणि इचलकरंजीच्या हवेत उडणारा कापूस तिच्या पंख्यात आठवडाभरात गच्च बसला असता. सुदैवानं गावातच, सुताला खळ द्यायच्या एका जुन्या सायझिंगच्या शेडमध्ये डेटा सेंटर उघडलं होतं. तिथं थंडावा, अखंड वीज आणि कुलपाची कपाटं मिळत. त्यांना रॅक म्हणायचं. यंत्र आपलं, जागा त्यांची, असा तो व्यवहार.

पेटी कंपनीकडून, पुण्याहून गाडीनं आली. सकाळी तिकडं तिचा संबंध तोडल्यापासून अण्णा मुके होते. पेटीला एक छोटी बॅटरी होती, ती थरांना फक्त जागं ठेवत होती, आणि तीही संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. दोघं डेटा सेंटरमध्ये हात धरून उभे होते. अण्णांनी काकूंच्या तळहातावर बोट एकदा टेकवलं की होय, दोनदा टेकवलं की नाही, एवढीच त्यांची भाषा उरली होती.

तहसीननं पेटी रॅकमध्ये सरकवली. ती अर्ध्याहून जास्त आत गेली आणि ठक्कन थांबली.

“काकू,” तहसीन टेपनं माप घेऊन म्हणाली, “ही तर एकतीस इंच आहे. तुम्ही तर दोन फूट म्हणाला होता.”

“मी कशाला म्हणू? मला मापातलं काय कळतंय?”

“फोनवर मी विचारलं नव्हतं का, खोली किती? तुम्ही दोन म्हणालात.”

“दोनच आहेत की खोल्या आमच्या. एक पुढची, एक…” आणि काकू तिथंच थांबल्या. काय झालं ते त्यांना कळलं.

पोरगी रागावली नाही. “माझंच चुकलं काकू. मागं किती लांब जाते, असं विचारायला पाहिजे होतं.” काकूंचा हात धरून तिनं तो रॅकवरून फिरवला. “हे बघा. पुढच्या पट्ट्यांची रुंदी एकोणीस इंच, ती सगळ्या जगात सारखीच. उंची यूमध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. तुमची पेटी चार यू, म्हणजे सात इंच उंच. या दोन मापांत कुणी सहसा चुकत नाही. खोली मात्र ज्याची त्याची वेगळी. हा रॅक उथळ आहे आणि त्याच्या मागं भिंत आहे.”

“मग पुढनं येऊ दे की बाहेर सात-आठ इंच.”

“दार लागणार नाही काकू. आणि दार लागल्याशिवाय रॅकला वीज चढत नाही, तशीच रचना आहे. कुणाला शॉक बसू नये म्हणून.”

“दुसरा नाही का, खोल?”

“खोल रॅक सगळे भरलेत. नवे यायला महिना आहे.” तहसीन घुटमळली. “एकच आहे तसा. त्यातली पेटी आखूड आहे, वीस इंचांची. या उथळ रॅकमध्ये आरामात मावेल. अदलाबदल केली तर काम होतंय. पण ती हणमंत म्हेत्र्यांची आहे. त्यांच्या मागांचा डोळा.”

म्हेत्रेच्या शेडमधल्या प्रत्येक मागावर कॅमेरा होता. विणताना धागा चुकला की ते सगळं या पेटीला दिसायचं आणि ती माग थांबवायची. पेटी बंद झाली तर माग आपणहून बंद पडत. त्याच्या रॅकचं दार उघडायचं म्हणजे अख्खी पाळी बुडवायची.

पण अडचण तेवढीच नव्हती. अण्णांची बोटं काकूंच्या तळहातावर दोनदा टेकली. मग पुन्हा दोनदा.

त्याचं असं झालं होतं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही गळ्याचे स्नायू अगदी किंचित हलतात. ती कुजबुज बाहेर पडू नये म्हणून पेटीत एक मर्यादा ठरवलेली असते. तहसीन तिला उंबरठा म्हणायची. त्याच्या खालचं मनातच राहतं, वरचं तेवढं बाहेर येतं. काकूंना आपलं हळू बोलणंही ऐकू यावं म्हणून अण्णांनी तो फारच खाली आणून ठेवला होता. अशात हणमंतला चांगल्या कापडाबद्दल बक्षीस मिळालं आणि त्याचा सत्कार झाला. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. हार घालायची वेळ झाली, सभागृह शांत झालं, आणि अण्णांच्या गळ्यातून स्वच्छ शब्द आले: “याच्या बापाचं कापड बरं होतं. याचं म्हणजे नुसती चाळण.”

ज्या पोराला अण्णांनी पहिली गाठ मारायला शिकवली, तो पोरगा त्या दिवसापासून गल्ली ओलांडून आला नव्हता. अण्णांनी उंबरठा वर चढवून घेतला, पण हणमंतच्या दारात जायचं धाडस त्यांना झालं नाही.

“तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते,” काकू म्हणाल्या.

तळहातावर दोनदा.

“तुमचा आवाज तुमच्या एकट्याचा आहे होय? तो बंद झाला तर मी कुणाचं ऐकू?”

या वेळी बोट हललं नाही. काकूंनी हात सोडवून घेतला. तहसीननं त्यांना रिक्षात बसवून गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि त्या भिंतीच्या आधारानं शेडमध्ये शिरल्या. तो खडखडाट त्यांच्या ओळखीचा होता. फक्त आत कोण कुठं आहे हे दिसत नव्हतं.

“हणमंता!”

काही उपयोग नव्हता. कुणीतरी त्यांचा दंड धरला आणि जवळचा एक माग थांबला.

“वैनी? तुम्ही इकडं कशा?”

“माग बंद करशील का रे?”

“केला की हा.”

“हा न्हाई. सगळे.”

त्यांनी सगळं सांगितलं. खोलीचा घोळ, बॅटरी, दार.

“पाळी जाईल की वैनी माझी.”

“जाईल. ठाऊक आहे मला.”

“अण्णांनी पाठवलं तुम्हाला?”

“न्हाई. ते नकोच म्हणत होते. लाज वाटतीया त्यांना.”

हणमंत हसला. “म्हणजे बदललं न्हाई म्हातारं.” मग त्यानं काकूंचा हात धरून मागावरच्या कापडावर ठेवला. “बघा बरं. चाळण आहे का?”

काकूंनी कापड बोटांत धरलं. घट्ट होतं. जन्मभर कांड्या भरलेल्या बोटांना ते लगेच कळलं.

“मला चाळण म्हणाले त्या रात्री झोप न्हाई आली. लई राग आला. सकाळी उठलो, बक्षिसाचं कापड उजेडात धरलं, तर खरंच आरपार दिसतंय. इंचामागं चार धागे वाढवले मी तेव्हापासून. गावात सगळे पाठ थोपटत होते माझी, खरं बोलणारा तेवढा एकच.” त्यानं कुणाला तरी हाक मारून खूण केली. “शिवी द्यायला तरी आवाज पाहिजे का नको त्यांना? घ्या पेटी. सांगा त्या पोरीला, दार उघड म्हणावं.”

आपल्याकडं घरच्या माणसाचे आणि शेजाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही, शब्दच तोंडात बसत नाही. काकूंनी नुसतं चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

मग एकेक करून माग थांबले.

फोनवर निरोप मिळताच तहसीननं अण्णांना घरी पाठवलं. मागोमाग हणमंतही गल्ली ओलांडून आला आणि कितीतरी महिन्यांनी त्या सोप्यात बसला. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला काय बोलावं कळत नव्हतं. बाहेर सगळं इतकं शांत होतं, की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आणि मागच्या गल्लीतली पाढे म्हणणारी पोरं काकूंना स्वच्छ ऐकू आली. हे आवाज रोजच असणार. वर्षानुवर्षं मागांखाली दबून गेले होते इतकंच. काकूंनी मनातल्या मनात णमोकार म्हणायला घेतला. बॅटरी संपली असेल तर काय, हा विचार त्या मंत्राच्या मधेमधे येतच होता.

उन्हं उतरली तेव्हा तहसीनचा फोन आला. “बसली काकू! अगदी मागपर्यंत गेली, दार लागलं. चालू करतेय. आणि एक सांगते, नव्यानं चालू झाली की उंबरठा शून्यावर असतो. तो मला मागनं लावावा लागेल, तोवर अण्णांना म्हणावं…”

पुढचं कुणी ऐकलंच नाही. अण्णांच्या गळ्याशी बारीक खरखर झाली.

“…आला का… आला वाटतं… आला की, आला…”

तो आवाज ऐकला आणि काकूंनी पदर तोंडात धरला. अण्णांचे ओठ मिटलेलेच होते, पण ते काकूंना कुठं दिसत होतं. दिसत होतं ते हणमंतला.

“…पोरगं येऊन बसलंय… मोठ्या मनाचं निघालं… मी भरल्या सभेत काय बोलून बसलो… हणमंता, उपकार झाले बाबा… कसं सांगू याला…”

“अण्णा,” हणमंत खाली मान घालून म्हणाला, “सगळं ऐकायला येतंय.”

“…अरे देवा, ऐकायला येतंय… पट्टी काढू का… नको, नको… काढली आणि परत बंद पडली तर… राजमती घाबरंल…”

काकू दचकल्या.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत अण्णांनी त्यांना ‘अगं’ म्हटलं होतं, ‘ऐकतीस का’ म्हटलं होतं, चिडले की ‘ही बया’ म्हटलं होतं. नावानं कधीच हाक मारली नव्हती. त्या पिढीत कुणी मारत नसे. मनातल्या मनातही ते आपल्याला ‘अगं’च म्हणत असतील, असं काकू धरून चालल्या होत्या.

“…राजमती एकटी गेली… दिसत न्हाई तरी गेली… मी बसलो आपला मान जपत… राजमती न्हाई तर कसला आवाज आणि कुणाला सांगायचं… माझी राजमती…”

हणमंत उठला आणि मागांचं बघून येतो म्हणून बाहेर पडला. माग अजून बंदच होते, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

फोन अजून चालूच होता. “काकू, लावू का उंबरठा?” तहसीननं अगदी हळू विचारलं. तिनंही ऐकलं असणार.

काकूंनी क्षणभर विचार केला. आणखी ऐकावंसं वाटत होतं, लई वाटत होतं. पण शेजारी बसलेला माणूस श्वास रोखून, एकही विचार मनात येऊ नये म्हणून धडपडत होता, हे त्यांना न बघताही कळत होतं.

“लाव बाई,” त्या म्हणाल्या. “माणसाच्या मनालाही दार पाहिजे. आणि पोरी, तू लई मोठं काम केलंस आज.”

“चूकही माझीच होती की काकू.”

“तुझी न्हाई आणि माझीबी न्हाई. त्या शब्दाची.”

खरखर थांबली. तेवढ्यात हणमंतच्या मागांचा डोळाही जागा झाला असावा, कारण आधी एक माग खडखडला, मग दुसरा, मग सगळी शेड एकदम गर्जू लागली. कुकर, पाढे, सगळं बुडालं. काकूंना त्या आवाजाची इतकी माया आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेजारून अण्णा काहीतरी बोलले. काकूंच्या ओठांवर सवयीनं ‘होय’ आलं. त्यांनी ते गिळलं.

“काय म्हणालात? ऐकू आलं न्हाई. परत सांगा.”

अण्णा सरकून जवळ आले. त्यांची पट्टी काकूंच्या कानाला टेकली. आता उंबरठा होता, आता जे येणार ते अण्णा ठरवून बोलणार होते.

“राजमती,” अण्णा म्हणाले, “चहा टाकू का?”

“होय,” राजमतीकाकू म्हणाल्या. “आणि चौघांचा टाका. हणमंताला हाक मारा, त्या पोरीलाही बोलवा.”